‘सोनोरस’चा मधला ओकार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत इंग्रजी शब्दांची ओळख करून देणारे जे सदर येते ते मी नेमाने वाचतो आणि त्याची कात्रणेही काढून ठेवतो. गेल्या रविवारी त्यात ‘सोनोरस’ हे आवाजाचे विशेषण घेतले होते. त्याचा अर्थ ‘मोठा, दणदणीत आवाज असलेला’ असा दिला होता, ते ‘साउंड’ या इंग्रजी नामापासून तयार झाले असे म्हटले होते, आणि ‘सॉनरस’ हाच त्याचा एकमेव शुद्ध उच्चार असून ‘सनॉरस’ हा अमेरिकेत पसरलेला अपभ्रंश आहे, असा निर्वाळाही दिला होता. मी चौतीस वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले, इंग्रजी नव्हे. तरीही या तिन्ही विधानांविषयी लिहिण्याचे धाडस करतो आहे, कारण आपल्याकडची मुले हा शब्द इंग्रजीच्या तासाला नव्हे, तर विज्ञानाच्या तासाला प्रथम ऐकतात, आणि तो चुकीचा बसला तर त्याबरोबर विज्ञानही चुकीचे बसते.

‘धातू आणि अधातू’ या प्रकरणात धातूंचे गुणधर्म येतात. ते ठोकून पसरवता येतात, त्यांच्या तारा काढता येतात, ते चकाकतात, आणि ते ‘सोनोरस’ असतात. एनसीईआरटीच्या पुस्तकांतही हा शब्द आहे. मराठी माध्यमाच्या पुस्तकात त्याला ‘नादमयता’ हा फार चांगला प्रतिशब्द मिळाला आहे. सेमी-इंग्रजीच्या वर्गात मात्र मुले ‘मेटल्स आर सोनोरस’ हे वाक्य पाढ्यासारखे म्हणतात आणि अर्थ विचारला की ‘सर, मोठ्ठा आवाज’ असे उत्तर देतात, म्हणजे नेमके आपल्या सदरात छापले तेच. हा गैरसमज काढण्यासाठी मी दरवर्षी टेबलावर तीन वस्तू ठेवत असे: लोखंडाची एक जाड पट्टी, कोळशाचा खडा आणि मासेमारीच्या जाळ्याला लावतात तसला शिशाचा गोळा. तिन्ही एकाच उंचीवरून फरशीवर सोडायच्या. पट्टी खणकन वाजायची आणि क्षणभर थरथरत गुणगुणायची. कोळसा नुसताच आपटायचा. शिशाचा गोळा धप्पकन पडायचा आणि गप्प व्हायचा. एका वर्षी मागच्या बाकावरचा, एरवी कधी तोंड न उघडणारा एक मुलगा म्हणाला, “सर, हा धातू असून बद्द कसा वाजला?” तो कुंभाराच्या घरचा होता. ‘सोनोरस’चा उलट अर्थ त्याने एका शब्दात सांगितला होता, आणि तो शब्द पाठ्यपुस्तकात नव्हता.

मडके विकत घेताना आमच्या घरातल्या बायका ते एका हाताच्या तळव्यावर तोलून धरीत आणि दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेराने त्याच्यावर टिचकी मारीत. ते खणखणीत वाजले तर घ्यायचे, बद्द वाजले तर परत ठेवायचे. डोळ्यांना न दिसणारी केसाएवढी चीरही कानाला कळते, कारण चिरेच्या दोन कडा एकमेकींवर घासून कंप तिथल्या तिथे मारून टाकतात. चांदीच्या रुपयाची परीक्षाही अशीच दगडावर वाजवून होत असे आणि ‘खणखणीत नाणे’ हा आपला वाक्प्रचार तिथूनच आला. या सगळ्यात आवाज मोठा की लहान हा प्रश्नच नाही. टिचकी तीच असते; फरक पडतो तो टिचकीनंतर काय उरते त्यात. शिशाच्या गोळ्याला दिलेली शक्ती त्याच्या आतच उष्णता होऊन विरते. लोखंडाची पट्टी मात्र वाकून पुन्हा सरळ होते, पुन्हा वाकते, आणि मिळालेली शक्ती थोडीथोडी करून हवेला देत राहते. तांबे आणि कथील या दोन मऊ धातूंचे चारास एक असे काहीसे प्रमाण घेऊन ते वितळवले की घंटेचे कासे तयार होते, आणि ते या दोघांपेक्षा कितीतरी अधिक वेळ वाजत राहते. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर तिकडच्या पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा महाराष्ट्रातल्या अनेक देवळांत आल्या. नाशिकला गोदावरीकाठची नारोशंकराची घंटाही त्यांपैकीच मानली जाते. अशी एखादी घंटा ज्यांनी जवळ उभे राहून ऐकली असेल त्यांना ठाऊक असेल की टोल पडतो तेव्हाचा आवाज ही खरी मौज नव्हे. तो ओसरला की खालच्या सप्तकातला एक गुंजारव मागे राहतो आणि तो छातीत ऐकू येतो.

मी मिरजेत राहतो. सतारमेकर गल्लीतून जाताना पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले वाळलेले भोपळे ओळीने टांगलेले दिसतात आणि कारागीर त्यांतल्या एकेकावर बोटाने ठोकून कान देत असतात. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी लावली जाते. दोरा केसभर इकडे-तिकडे झाला की तार तीच, तुंबा तोच, पण सूर मुका होतो. तो नेमक्या जागी बसला की तार बोलू लागते. छेडल्यानंतर जो सूर लांबत राहतो त्याला या गल्लीत आणि गाण्याबजावण्याच्या सगळ्या मंडळींत ‘आस’ म्हणतात. ‘या तंबोऱ्याला आस आहे’, ‘डग्ग्याला आस नाही’ असे ते सहज बोलतात. मला विचाराल तर ‘सोनोरस’ म्हणजे आस असलेला. भरलेला, खोल, घुमणारा, मागे रेंगाळणारा. आवाज मोठा असला तरी चालतो, पण मोठा असणे ही अट नव्हे. मिरवणुकीतल्या ध्वनिवर्धकांच्या भिंतीला सदरलेखकांनी हे विशेषण बहाल केले आहे, ते वाचून मला खरोखर वाईट वाटले. त्या भिंतीसाठी इंग्रजीत आणि मराठीतही दुसरी पुष्कळ विशेषणे आहेत.

माणसाच्या आवाजाला हा शब्द लावला म्हणजे तो गोड असतो असेही नाही. लताबाईंचा आवाज गोडव्याची सीमा होता, परंतु त्याला कोणी ‘सोनोरस’ म्हणणार नाही. पंडित भीमसेन जोशींचा खर्ज लागला की मात्र हाच शब्द ओठांवर येतो. मराठीत आपण अशा आवाजाला धीरगंभीर, भारदस्त किंवा घुमारदार म्हणतो. डॉक्टर मंडळी तर छातीला नळी लावल्यावर ऐकू येणाऱ्या, घोरण्यासारख्या खालच्या पट्टीतल्या घरघरीलाही हेच विशेषण लावतात, आणि त्यात कौतुकाचा भाग काहीच नसतो. लेखनशैलीलाही तो लावतात. तिथे त्याचा अर्थ भारदस्त, नादयुक्त असा असतो, पण समीक्षकाचा सूर थोडा तिरका असेल तर ‘नाद पुष्कळ, आशय बेताचा’ असाही टोला त्यातून मारता येतो.

आता व्युत्पत्ती. ‘सोनोरस’ हे ‘साउंड’चे अपत्य नव्हे, फार तर दोघे चुलत भावंडे आहेत, आणि दोघे वेगवेगळ्या वाटांनी इंग्रजीत आले. लॅटिनमध्ये आवाजाला ‘सोनुस’ म्हणत. तो शब्द फ्रेंचमध्ये झिजून इंग्रजीत ‘सून’ असा काहीसा उतरला आणि पंधराव्या-सोळाव्या शतकात त्याच्या शेपटीला एक ‘ड’ चिकटला. ‘न’च्या मागोमाग ‘द’ किंवा ‘ड’ असा उपरा वर्ण शिरणे आपल्याला परके नाही. वानराचे आपण वांदर केलेच आहे, आणि इंग्रजांनी जुन्या ‘थुनोर’चे ‘थंडर’ केले तेही याच खोडीने. ‘सोनोरस’ मात्र अशा लोकांच्या तोंडी झिजून आलेला नाही. लॅटिनमध्ये ‘सोनोर’ म्हणजे नाद आणि त्यापासून ‘सोनोरुस’ म्हणजे नाद करणारा. हे विशेषण सतराव्या शतकाच्या सुरुवातीला पंडितांनी ग्रंथांतून उचलून, शेवटची मात्रा बदलून, जवळजवळ जसेच्या तसे इंग्रजीत ठेवले. म्हणूनच त्यात ‘ड’ नाही. सोनाटा, सॉनेट, रेझोनन्स, कॉन्सोनंट ही सगळी याच कुळातली मंडळी.

या लॅटिन ‘सोनुस’चा सख्खा भाऊ आपल्याकडे आहे आणि तो म्हणजे संस्कृतातला ‘स्वन’. अमरकोशात आवाजाचे पर्याय देताना ‘ध्वनिध्वानरवस्वनाः’ असे जे म्हटले आहे त्यातला शेवटचा शब्द हाच. मराठीत तो फक्त पोथीत राहिला असेही नाही. आपले भाषाशास्त्रज्ञ रोज ‘स्वनिम’ आणि ‘स्वनविज्ञान’ हे शब्द वापरतात. संस्कृतातल्या ‘स्व’च्या जागी लॅटिनमध्ये ‘सो’ असणे हा योगायोग नव्हे, कारण ती जोडी इतरत्रही सापडते. आपला ‘स्वप्न’ हा शब्द झोप या अर्थी त्यांच्याकडे ‘सोम्नुस’ आहे, आपली ‘स्वसा’ म्हणजे बहीण त्यांच्याकडे ‘सोरोर’ आहे, तसाच आपला ‘स्वन’ त्यांच्याकडे ‘सोनुस’. याचा अर्थ लॅटिन शब्द संस्कृतातून निघाला असा काढू नये, ही विनंती मी आपल्या वाचकांपैकी काही उत्साही मंडळींना आधीच करून ठेवतो. दोघांचा पूर्वज एक आणि तो दोघांहून जुना, एवढाच त्याचा अर्थ. ‘स्वर’ हा शब्द दिसायला शेजारी असला तरी त्याचा धातू वेगळा आहे. आणि मागे एका परिचितांनी मला मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले होते, की सोने छान वाजते म्हणून ‘सोनोरस’. त्यांच्या समाधानासाठी सांगतो, की आपले सोने ‘सुवर्ण’ या शब्दापासून आले आहे आणि वर्ण म्हणजे रंग, आवाज नव्हे.

याच ठिकाणी आणखी एक सापळा आहे. आपण निरोगी माणसाला ‘ठणठणीत’ म्हणतो, आणि तो शब्द उघडच न फुटलेल्या भांड्याच्या आवाजावरून आलेला आहे. इंग्रजीतही धडधाकट प्रकृतीला ‘साउंड’ म्हणतात. तेव्हा तिथेही आवाजाचीच कल्पना असणार असे वाटते, आणि वर्गात मी स्वतः काही वर्षे तसे सांगतही होतो. ते चूक होते. निरोगी या अर्थाचा ‘साउंड’ हा जर्मानिक कुळातला अगदी स्वतंत्र शब्द आहे. जर्मन भाषेत निरोगी माणसाला आजही ‘गेझुंट’ म्हणतात, त्याचा तो नातेवाईक. रूप तेच झाले, घराणी दोन राहिली. माझ्या त्या वर्षांतल्या विद्यार्थ्यांपैकी कोणी हे पत्र वाचत असेल तर त्याने ती दुरुस्ती आता करून घ्यावी.

उच्चाराचा वाद मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण सदरात तिथे नुसती चूक नाही, तर एका उच्चाराला अडाणी ठरवले आहे. लॅटिनमध्ये आघात कुठे पडावा याचा नियम आपल्या वृत्तांतल्या लघु-गुरूंइतकाच सरळ आहे. शेवटून दुसरे अक्षर गुरू असेल तर आघात त्याच्यावर, ते लघु असेल तर त्याच्या आधीच्यावर. ‘सोनोरुस’ या शब्दात ‘नो’ दीर्घ आहे, म्हणून रोमन लोक आघात ‘नो’वर देत. शब्द इंग्रजीत आला तोही हा आघात घेऊनच आला. त्याचा पुरावा मिल्टनच्या १६६७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पॅरडाइज लॉस्ट’ या महाकाव्याच्या पहिल्या सर्गात आहे. सैतानाच्या पराभूत सैन्याचा ध्वज पुन्हा उभारला जातो आणि रणशिंगे फुंकली जातात, तिथे ओळ येते: ‘सनोरस मेटल ब्लोइंग मार्शल साउंड्स’. या काव्याच्या छंदात एक हलके आणि एक जड अशा पाच जोड्या येतात. ओळ मोठ्याने म्हणून पाहावी: स-नो, रस-मे, टल-ब्लो, इंग-मार, शल-साउंड्स. ‘नो’वर जोर दिला तर ओळ घड्याळाच्या लंबकासारखी चालते. पहिल्याच ‘सॉ’वर जोर दिला तर ती उंबऱ्यातच ठेचकाळते. मिल्टन लंडनचा राहणारा होता. त्याच्या उच्चाराला अमेरिकन अपभ्रंश म्हणणे अवघड आहे. आणि ‘मेटल’च्या शेजारी ‘सोनोरस’ बसवण्याची युक्तीही आमच्या विज्ञानाच्या पुस्तकाच्या तीनशे वर्षे आधीची निघाली, हे पाहून मला गंमत वाटली.

मग ‘सॉनरस’ आला कुठून? तो नंतरचा आहे आणि तोही समजण्यासारखा आहे. ‘ह्यूमरस’, ‘व्हिगरस’, ‘जेनरस’ असे तीन अक्षरांचे आणि ‘रस’ने संपणारे अनेक शब्द इंग्रजीत पहिल्या अक्षरावर आघात घेऊन बसलेले आहेत. ‘सोनोरस’ लिहिलेला दिसला की इंग्रजी बोलणाऱ्याची जीभ त्यालाही त्याच पंक्तीत बसवते. ‘डेकोरस’ या शब्दाचे हेच झाले. तोही पूर्वी ‘को’वर आघात घेऊन उच्चारला जाई, आता पहिल्या ‘डे’वर घेतो, त्याची बहीण ‘डेकोरम’ मात्र अजून जुन्या घरातच राहते आहे. इंग्लंडमध्ये ‘सॉनरस’ अधिक ऐकू येतो आणि अमेरिकेत ‘सनॉरस’, हे खरे आहे. पण आजचे मोठे ब्रिटिश आणि अमेरिकन कोश दोन्ही उच्चार देतात, फक्त पहिला कोणता आणि दुसरा कोणता यात फरक असतो. म्हणजे ज्याला सदरलेखकांनी अपभ्रंश म्हटले तो जुना आणि मूळ भाषेला धरून असलेला, आणि ज्याला एकमेव शुद्ध म्हटले तो नंतर रूढ झालेला. रूढ झाला म्हणजे तोही बरोबरच. मला स्वतःला ‘सनॉरस’ आवडतो. एक तर त्याचे भाववाचक नाम ‘सनॉरिटी’ सर्वत्र दुसऱ्या अक्षरावरच जोर घेते, तेव्हा मुलांना दोन्ही एकदम शिकवता येतात. दुसरे असे, की ‘नॉ’वर थांबले की शब्द स्वतःच थोडा घुमतो, आणि ‘सॉनरस’ म्हणताना तो घाईघाईने संपतो. हा अर्थात आवडीचा भाग झाला.

आपल्या वर्गांत मात्र या दोहोंपैकी एकही उच्चार होत नाही. होतो तो ‘सोनोरस’, दोन्ही ओकार सारख्याच वजनाचे आणि शेवटी उसाच्या रसासारखा ठळक ‘रस’. याला मुले किंवा शिक्षक दोषी नाहीत. मराठीत शब्दाचा अर्थ आघाताने बदलत नाही, म्हणून आपण प्रत्येक अक्षराला त्याचे पूर्ण माप देतो. इंग्रजीत ज्या अक्षरावर जोर पडतो तेवढेच पुरते उच्चारले जाते आणि बाकीचे स्वर आपल्या अर्ध्यामुर्ध्या ‘अ’सारखे पुसट होतात. त्यामुळे या शब्दातल्या दोन ओकारांपैकी एक दुसऱ्याला खातो: ‘नॉ’ जिवंत राहिला तर पहिला ‘स’ उरतो, ‘सॉ’ जिवंत राहिला तर मधला नुसता ‘न’ उरतो. दोन्ही जिवंत ठेवता येत नाहीत. सुदैवाने देवनागरीत आपल्याकडे ‘ऑ’ची खूण आहे आणि नुसता ‘अ’ही आहे, तेव्हा ‘सनॉरस’ आणि ‘सॉनरस’ हे दोन्ही उच्चार आपल्या लिपीत रोमन स्पेलिंगपेक्षा अधिक नेमके लिहिता येतात. सदरात प्रत्येक शब्दापुढे असा देवनागरी उच्चार, आघाताचे अक्षर ठळक करून, छापला तर पुरवणीची फार जागा जाणार नाही.

मराठी लेखनात मात्र ‘सोनोरस’ असेच लिहायला माझी हरकत नाही, आणि या पत्रात मीही तेच केले आहे. परभाषेतला शब्द आपल्या घरी आला की तो आपल्या चालीने चालणार. हरकत आहे ती इंग्रजी बोलताना कोणाचा तरी उच्चार ऐकून त्याला हसण्याला. दोन वर्षांपूर्वी एका आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत आमच्या शाळेतली एक मुलगी इंग्रजी भाषणात ‘सनॉरस’ म्हणाली, तेव्हा परीक्षकांपैकी एकांनी तिला व्यासपीठावरच थांबवून ‘सॉनरस, सॉनरस’ असे दोनदा म्हणायला लावले आणि गुणपत्रिकेत उच्चाराचे दोन गुण कापले. तिने तो उच्चार माझ्याकडून घेतला होता. मी त्या वेळी काही बोललो नाही, याची मला आजही खंत आहे, आणि आपल्या सदरात तेच विधान छापलेले पाहून हे पत्र एवढे लांबण्याचे खरे कारणही तेच असावे.

येत्या रविवारी सदरात दुरुस्तीच्या दोन ओळी याव्यात, म्हणजे मी माझ्याकडच्या कात्रणाला ती चौकट जोडून त्या मुलीला पाठवीन. ती आता अकरावीला विज्ञान शाखेत आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, मिरज